तिथीची पाऊणपट

"पितृपक्षात कोणी फिरायला निघतं का?" मावशीने फोनवर विचारलं. आई म्हणाली, "माझे पितर तिकडेच आहेत, भेटून येते." फोन ठेवला आणि मला म्हणाली, "गाडीत एक उशी घे. कमरेला लागेल."

आई पंचाहत्तरीच्या पुढे आहे. तिचं आजोळ जयगडच्या खाडीत आत, शास्त्री नदीच्या काठाला. आता तिथे तिचं कोणी नाही. घर विकलं, नंतर पडलं, नंतर त्या जागी काय झालं कोणाला माहीत नाही. तिला घर बघायचंच नव्हतं. तिला ती वाट बघायची होती. मी म्हटलं, चल, किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ. सागरी मार्ग. रेवसपासून रेड्डीपर्यंत नकाशावर छान निळ्याला चिकटून जाणारी रेघ आहे. सगळी करायला वेळ नव्हता, म्हणून राजापूरपर्यंत महामार्गाने उतरायचं आणि तिथून किनाऱ्याने वर, बाणकोटपर्यंत यायचं असं ठरलं. महामार्गाबद्दल काही लिहीत नाही. त्यावर लिहून लिहून लोकांची पेनं संपली.

नकाशावरची ती रेघ खोटी आहे, हे पहिल्या दोन तासांत कळतं. समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता म्हणजे डावीकडे सतत लाटा, असं आपण धरून चालतो. कोकणात तसं नाही. इथे रस्ता आधी चढतो, सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळी माळावर येतो, सड्यावरून सरळ जातो, मग एकदम वळणं घेत खाली कोसळतो. खाली नारळी-पोफळी, कौलं, देऊळ, आणि त्यापुढे खाडी. खाडी आली की रस्ता संपला. पूल असेल तर पलीकडे, नसेल तर फेरीबोट, तीही नसेल तर खाडीच्या पोटाकडे लांब वळसा. मग पुन्हा चढ, पुन्हा सडा. समुद्र दिसतो तो असा वरून, तुकड्यातुकड्याने.

सप्टेंबर होता. गणपती नुकतेच गेले होते. चाकरमानी परतल्यामुळे गावं पुन्हा कुलुपात गेली होती, अंगणातल्या मांडवांचे वासे तेवढे उभे होते. भात पोटरीला आलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या ठेंगण्या भिंती, त्यांच्यावर हातभर शेवाळ. अशाच एका वळणावर समोरून एसटी आली. एसटी मागे जात नाही, हा इथला अलिखित कायदा. मी रिव्हर्स घेतला आणि डावं दार गडग्याला सणसणीत घासलं. ड्रायव्हरने खिडकीतून वाकून बघितलं आणि म्हणाला, "काय नाय, वरच्यावर गेलंय." दाराचा पत्रा आत गेला होता. आई म्हणाली, "शेवाळ होतं म्हणून बरं." या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

कशेळीला कनकादित्याचं देऊळ बघून आम्ही सड्यावर हत्ती बघायला गेलो. हा हत्ती उभा नाही, जमिनीवर आडवा कोरलेला आहे. जवळजवळ १८ मीटर लांब. जवळ उभं राहिलं तर काहीच कळत नाही, नुसत्या खाचा. कडेकडेने चालत गेलं की एका जागी सोंड जुळते, मग पाय, आणि मग तो अख्खा आपल्यासमोर पसरतो. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी आहेत, मासे आहेत. खाचांमध्ये पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात आभाळ होतं, त्यामुळे हत्तीच्या कडा मधूनमधून चमकत होत्या. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली, त्यात कशेळी आहे. ती कोणी कोरली आणि कधी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. यांतल्या काही चित्रांत गेंडाही आहे. आज रत्नागिरीत गेंडा म्हटलं तर लोक हसतील.

"आम्ही सड्यावर थांबत नसू," आई म्हणाली. "मे महिन्यात चटके बसायचे. पळत ओलांडायचा."

मे महिन्यातला तो काळा, तापलेला कातळ आणि हा सप्टेंबरमधला, एकाच जागेची ही दोन रूपं आहेत हे खरं वाटत नाही. जांभा म्हणजे पावसाने लाखो वर्षं धुतलेला दगड. सिलिका वाहून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तो तांबडा. खाणीत तो मऊ लागतो, चिरे पाडून उघड्यावर ठेवले की टणक होतो. त्यावर माती अशी नाहीच, असली तर बोटभर. त्या बोटभर मातीत पाऊस संपता संपता निळीजांभळी फुलं येतात, सीतेची आसवं. नखाएवढी. एकटं फूल नजरेत भरत नाही, पण सड्यावर ती लाखांनी येतात आणि लांबून जमिनीला धूर लागल्यासारखं दिसतं. मी गुडघ्यावर बसून एक जवळून बघितलं. वर दोन पाकळ्यांचा नाजूक ओठ, मागे बाकदार शेपटी, आणि खाली ओल्या मातीत, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पिशव्या. या पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. मातीत नत्र नाही, मग करणार काय? एवढ्या हळव्या नावाचं झाड मांसाहारी निघावं, यावर आई बराच वेळ खूश होती. "सीतेनंही किती सोसायचं," म्हणाली.

पूर्णगडला मुचकुंदीवर पूल आहे, रत्नागिरीजवळ भाट्याला काजळी नदीवर पूल आहे. दोन्ही खाड्या आम्ही जुनी गाणी ऐकत ओलांडल्या. रत्नागिरीत चहा पिताना आईने विचारलं, "मुचकुंदी कधी गेली गं?" मलाही आठवेना. आरे-वारेला रस्ता खरोखरच समुद्राच्या अंगावरून जातो, वरून दोन्ही पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे दिसतात, आणि तिथे सगळे थांबतात म्हणून आम्हीही थांबलो, फोटो काढले. गणपतीपुळ्यात गर्दी नव्हती. जयगडला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.

आई इथे गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो. फेरी पलीकडे तवसाळला होती. पाण्याला गढूळ, चहासारखा रंग. मुखाशी किल्ला, आणि आत वळत जाणारी रुंद खाडी. आई एका दगडावर बसली आणि बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागली.

"आज चतुर्थी. चोक पाऊणपट तीन. तीनला भरती पुरी."

हा हिशोब तिला तिच्या आजीने शिकवला होता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी लावायला पुरेसं. मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढून बघितलं. पाव तासाचा फरक होता. मी तो तिला सांगितला नाही.

मग तिने बोटीची गोष्ट सांगितली. मी ती लहानपणापासून ऐकत आलेय, पण माझ्या डोक्यात ती नेहमी एका गोष्टीतली बोट होती. जागेवर ऐकल्यावर ती खरी झाली. साल १९५७, मे महिना, आई नऊ वर्षांची. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची. डेकवर वळकट्या अंथरलेल्या, इंजिनाच्या तेलाचा वास, हुंगायला लिंबू. हर्णै, दाभोळ करत बोट जयगडला यायची. पण धक्क्याला लागायची नाही. ती उभी राहायची आत, खोल पाण्यात, आणि किनाऱ्याहून पडाव, म्हणजे छोट्या होड्या यायच्या. बोटीच्या अंगाला शिडी. खाली पडाव लाटेवर वरखाली होतोय. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहायचं, आणि खालून खलाशी हात वर करून उभा.

"पडाव वर आला की तो ओरडायचा, सोड! आपण शिडी सोडायची. तो धरायचा."

"आणि नाही सोडली तर?"

"तर पडाव खाली जायचा. मग दुसरी लाट येईपर्यंत आपण लटकलेले. मी पहिल्या वेळी नाही सोडली. माझ्यामागे शिडीवर अख्खं बिऱ्हाड खोळंबलं. आजी वरून ओरडतेय, ट्रंकेवाला ओरडतोय. दुसऱ्या लाटेला त्याने विचारलंच नाही, मनगट धरून उचललं मला. दोन दिवस दुखत होतं."

पडावातून किनाऱ्याला, तिथून मचव्यात. मचवा भरतीची वाट बघत राहायचा. पाणी चढायला लागलं की शीड, वल्ही आणि भरती अशा तिघांच्या जोरावर खाडीत आत. दोन्ही काठांना गावं. प्रत्येक गावाचं तोंड पाण्याकडे, कारण पाहुणा पाण्यातून यायचा, पत्र पाण्यातून, मीठ, रॉकेल, नवरीसुद्धा. घराची मागची बाजू म्हणजे डोंगर. तिकडून फक्त वाघ यायचा, असं आजी म्हणायची.

हे ऐकताना मला पहिल्यांदा तो नकाशा नीट दिसला. मी दोन दिवस वैतागून म्हणत होते, काय हा रस्ता, दर तासाला खाडी आडवी येते. पण खाडी आडवी आलेलीच नाही. खाडीच रस्ता होती. आडवा आला तो हा डांबरी रस्ता, फार उशिरा. दाभोळहून माल वाशिष्ठीतून गोवळकोटला चढायचा, तिथून चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड. राजापूरसारख्या आज समुद्रापासून आत वाटणाऱ्या गावात इंग्रजांनी सतराव्या शतकात वखार घातली ती खाडीतून गलबतं येत म्हणूनच. मग खाड्या गाळाने भरत गेल्या, महामार्ग आतून गेला, ऐंशीच्या दशकाअखेर प्रवासी बोटीही गेल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली तीसुद्धा आतूनच. गावांची तोंडं फिरली. जे बंदर होतं ते टोक झालं. हर्णै, दाभोळ, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग ही एका ओळीतली ठिकाणं होती, आता प्रत्येक जण वेगवेगळ्या फाट्याचा शेवटचा थांबा आहे.

बोटीच्या काळाला मी सोन्याचा मुलामा देतेय असं वाटायला लागलं तेव्हा आईनेच तो खरवडला. "पावसाळ्यात चार महिने सगळं बंद. माणूस आजारी पडला तर पडला." १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आईच्या आजीने त्यानंतर मरेपर्यंत पावसाळी दर्यात पाऊल टाकलं नाही. आणि बोट लागायची म्हणजे किती लागायची, याचं वर्णन आईने धक्क्यावर मोठ्या आवाजात केलं, ते इथे देत नाही.

फेरी आली. आमच्याबरोबर तीन दुचाक्या, एक टेम्पो, बर्फाच्या पेट्या, आणि टोपली घेतलेल्या दोन बायका. पंधरा मिनिटांत पलीकडे. आई गाडीतून उतरून कठड्याला धरून उभी राहिली आणि खाडी जिथे वळते तिथे बघत राहिली. तिचं गाव त्या वळणाच्या पलीकडे. मी विचारलं, भातगावच्या पुलाकडून गाडीने जाता येईल, जायचं? म्हणाली, "मागच्या दाराने? नको."

हेदवीला आम्ही बरोबर तीनच्या सुमाराला पोचलो, तिच्या हिशोबाप्रमाणे. उमामहेश्वराच्या देवळाला लागून काळ्या कातळात एक अरुंद भेग आहे, बामणघळ. ओहोटीला ती नुसती भेग असते. भरतीला लाट आत घुसते, तिला पुढे जायला जागा नसते, मागून दुसरी रेटते. आधी पायाखाली कातळात एक घुमटलेला आवाज होतो, पोटात जाणवणारा. मग क्षणभर काहीच नाही. मग घळीच्या टोकातून पाणी सरळ वर उसळतं आणि वाऱ्याने फाटून खाली येतं. नुकतीच पौर्णिमा झालेली, उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी जोरात होतं. आम्ही अंतर राखून उभ्या होतो, आणि तिथे अंतर राखावंच, ओल्या कातळावर पाय ठरत नाही. तरी चेहऱ्यावर खारट शिंतोडे आले. आईने चष्मा पुसला नाही. प्रत्येक लाटेआधी ती श्वास रोखून धरत होती, आवाज झाला की सोडत होती. अर्धा तास आम्ही एक शब्द बोललो नाही. माझ्या मते या साऱ्या किनाऱ्यावर बघण्यासारखी ही एक जागा, बाकीच्या पुळणी एकमेकींच्या बहिणी आहेत. गुहागरकर रागावतील.

धोपावे-दाभोळ फेरी २००३ पासून आहे. त्याआधी समोर दिसणाऱ्या दाभोळला गाडीने जायचं तर चिपळूणवरून जा. दाभोळला खाडीकाठी दगडी मशीद उभी आहे, घुमट आणि मिनार पाण्यातूनच नीट दिसतात, कारण ती पाण्यातून येणाऱ्यांना दिसावी म्हणूनच तिथे आहे. एके काळी इथे अरबस्तानातून घोडे उतरत, इथून मक्केला जहाजं जात. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज अल्मेदाने हे शहर जाळलं. आता धक्क्यावर वडापाव मिळतो आणि तो उत्तम आहे.

हर्णैला मासळीचा लिलाव चुकला. केळशीच्या पुढे रस्ता अगदीच वाईट होता. वेळासला, म्हणजे नाना फडणवीसांच्या गावाला, कासवांचा मोसम नव्हता, त्यामुळे पुळणीवर आम्ही आणि एक कुत्रा. मी हे घाईत सांगतेय कारण तो दिवस तसाच घाईत गेला, आईची कंबर धरली होती आणि मला पुण्याला पोचायचं होतं.

शेवटची खाडी बाणकोटची, सावित्री नदीची. अलीकडे वेसवी, पलीकडे बागमांडला. वर बाणकोटचा किल्ला, १७५५ मध्ये इंग्रजांनी घेतलेला, त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. हा सगळा सागरी मार्ग माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या डोक्यातला, ते याच सावित्रीच्या काठचे, आंबेतचे. इथेही पूल व्हायचा होता. आम्ही गेलो तेव्हा त्याचे अर्धवट खांब उभे होते, वर काही नाही. एका खांबावर पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता.

फेरीची वाट बघत एक तरुण दुचाकीवर बसला होता. हँडलला औषधांची पिशवी. आईने सवयीने चौकशी केली. त्याचा बाप पलीकडे, श्रीवर्धनच्या बाजूला, आजारी. हा रोज येऊन-जाऊन. रात्रीची फेरी नाही, मग मुक्काम नाहीतर आंबेतचा वळसा. मी म्हणणार होते की पण फेरी किती छान आहे, पाणी, वारा. मला कुठेही पोचायचं नव्हतं तेव्हा ती छान होती, आणि आज सकाळपासून, घड्याळ बघायला लागल्यापासून, मीही तिला नावं ठेवत होते. गप्प बसले.

"पूल होतोय ना पण?" आईने विचारलं.

"व्हतोय, व्हतोय म्हणतात आजी. मी शाळेत व्हतो तेव्हापासून."

आई खांबांकडे बघत म्हणाली, "होऊ दे बाबा लवकर." मग थोड्या वेळाने, फक्त मला ऐकू जाईल असं, "माझं बघून झालं."

फेरी लागली. लोखंडी फळी उतारावर आपटली, तिच्याखालून पाणी चुळकन वर आलं. गाडी उलटी चढवायची होती. उतार ओला, मागे आरशात फळी, फळीच्या दोन्ही बाजूंना खाडी. आई आधीच उतरली होती. मी ब्रेकवर पाय दाबून बसले होते. फेरीवरचा पोरगा हाताने बोलावत होता, या, या, सरळ या. गाडी जागची हलत नव्हती.

"ताई, ब्रेक सोडा," तो ओरडला. "उतार आहे, आपोआप येते."

आरशात आई त्याच्या शेजारी उभी दिसत होती, एक हात कठड्याला, दुसरा वर केलेला.

"सोड गं," ती म्हणाली.